सभेत आजारी कुणी नव्हतं

आरोग्याच्या सभेच्या दिवशी गावातले सगळे आजारी मी गावाबाहेर नेऊन बसवले.

मला कुणी सांगितलं नव्हतं. सरपंचांनी नाही, पंचायतीनं नाही. ही अक्कल सर्वस्वी माझी, आणि तिचं श्रेय आजतागायत कुणी माझ्याकडून हिसकावून घेतलेलं नाही.

तेव्हा मी आमच्याच गावच्या शाळेत मास्तर होतो. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिल्हा परिषद तर त्याहून कोवळी. शाळा, रस्ते, दवाखाने आता बुलढाण्याला बसून आपलीच माणसं पाहणार, असं जो तो सांगायचा. गाव वरवट बकालच्या बाजाराला जाणाऱ्या गाडवाटेवर. उत्तरेला सातपुडा दिसतो, पश्चिमेला नदी. आठ महिने ती नदी म्हणजे नुसती वाळू, पोरं तिच्यात आट्यापाट्या खेळतात. उरलेल्या महिन्यांत सातपुड्यावर काळं झालं, की इकडे थेंब पडायच्या आधीच ती दोन्ही काठ भरून येते आणि दोन-दोन, तीन-तीन दिवस उतरत नाही. तालुका नदीपलीकडे. म्हणजे दवाखानाही नदीपलीकडे.

माझ्या बायकोला सहावा महिना लागला होता. खेप तिसरी. पहिल्या खेपेला बैलगाडीत घालून तिला काठापर्यंत नेलं, पाणी उतरायची वाट पाहत गाडी दिवसभर काठावर उभी राहिली, आणि मूल गाडीतच गेलं. दुसरं घरी झालं. ते रडलंच नाही. दोन्ही वेळा गावची सुईण जवळ होती. ही म्हातारी म्हणजे सगळ्या गावाची बुढी. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यात मीही. त्यामुळे सगळे मला अहोजाहो करायचे तरी ती मरेपर्यंत अरेतुरेच करत राहिली.

फाल्गुनात एक दिवस बुढी शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. पोरं पाढे म्हणत होती. तिनं मला हातानं बाहेर बोलावलं.

"आयक बे मास्तर. तुही बायको आता माह्या एकटीच्या हातची नाई राह्यली. पाय पाह्यले काय तिचे? बोट दाबलं त खड्डा पडते. हिले सुईवाली बाई पाह्यजे. अन् ते बी नदीच्या ह्या अंगाले. आषाढात दिवस भरतात तिचे, समजलं काय?"

समजलं होतं. मला आकडेमोड येत होती. आषाढ आणि नदी यांची बेरीज मी रोजच करत होतो, आणि दरवेळी उत्तर तेच येत होतं.

त्याच आठवड्यात पंचायतीत कागद आला. परिषदेच्या आरोग्य समितीचे सभापती डॉक्टरांना घेऊन दौऱ्यावर निघाले होते. आमच्या भागात एक नर्सबाई कायमची राहायला मिळणार होती, औषधांच्या पेटीसकट. आमच्या गावाला की नदीपलीकडच्या गावाला, एवढंच ठरायचं होतं. सकाळी त्या गावात सभा, दुपारी आमच्याकडे. जिथं गरज मोठी दिसेल आणि खोली तयार असेल तिथं पाडव्यानंतर लगेच बाई रुजू होणार. खोली माझ्याकडे होती, शाळेची मागची. आणि गरज? गरज तर माझ्या घरातच पाय सुजवून बसली होती.

सरपंच म्हणाले, "मास्तर, सभेचं सारं तुमच्याकडे. मले बोलता येत नाई, अन् एकदा लागलो त थांबता येत नाई."

आणि मी ते सगळं माझ्याकडे घेतलं.

आता माझी अडचण समजून घ्या. मोठा माणूस गावात येतो म्हणजे काय होतं, हे मला एकाच प्रकारे माहीत होतं. शाळेच्या तपासणीला दिपोटी साहेब यायचे. त्या दिवसाची एक रीत होती, माझ्या मास्तरानं पाळलेली, त्याच्या मास्तरानंही पाळलेली. भिंतींना चुना. अंगणात सडा. हुशार पोरं पुढच्या रांगेत. आणि ढ पोरांना आदल्या दिवशी हळूच सांगायचं, 'बाबू, उद्या म्हशी घेऊन जा.' साहेबांनी प्रश्न विचारला की हात पुढच्या रांगेतूनच वर जायचा. बाकीच्यांनी माझ्याकडे पाहायचं आणि मी डोळ्यांनी खुणावलं तरच तोंड उघडायचं. असा मी सलग काही वर्षं 'शाळा उत्तम' असा शेरा मिळवला होता. त्या शेऱ्याचा मला केवढा गर्व! शेरेबुक मी घरी आणून बायकोला वाचून दाखवायचो.

तर मी सभेची तयारी केली. भिंतींना चुना लावला. सडा टाकला. केळीचे खांब उभे केले. आणि आजाऱ्यांकडे वळलो.

गावात आजारी कमी नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन नारू झालेले तर घरटी होते. नारू आता कुणी पाहिला नसेल. पायातून दोऱ्यासारखा जंत निघतो. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय पिकतो. त्याशिवाय हिवतापवाले, डोळे आलेले, पोट फुगलेली लेकरं. मी दारोदार गेलो आणि सांगितलं, सभेच्या वेळी कण्हणं, कुंथणं, खोकणं बरं दिसणार नाही. पाहुण्यांचं मन प्रसन्न राहिलं पाहिजे. तुम्ही सरपंचाच्या मळ्यात आंब्याखाली बसा. सभा झाली की मी डॉक्टरांना तिकडेच घेऊन येतो.

लोकांनी ऐकलं, कारण मास्तर सांगत होता. गाड्या जुंपल्या. भाकरी-ठेचा बांधून घेतला. जत्रेला निघाल्यासारखे आजारी गावाबाहेर पडले. एक म्हातारा तेवढा अडला. त्याच्या गुडघ्याखाली नारू होता, काडीवर चिंधी बांधलेली. दोन पोरांनी उचलून गाडीत ठेवलं तेव्हा तो मला म्हणाला, "काहो मास्तर, डाक्टर गावात येऊन राह्यला, अन् आमाले काऊन बाहेर काढता?"

"आबा, आधी सभा, मग औषध. रीत असते."

"हाव काय? आमी समजलो आधी दुखनं असते."

गाडीतले हसले. मीही हसलो. काय विनोदी म्हातारा आहे, असं वाटलं मला.

घरी आलो तर बायको लुगडं बदलून बसलेली. "मले येऊ द्या सभेले," ती म्हणाली. "पुढं बसतो मी. पाहू द्या त्याईले."

"या पोटानं? चार गावचे लोक येतील. काय म्हणतील?"

"म्हनू द्या ना. पोट हाय, चोरीचा माल नाई."

मी दार ओढून घेतलं आणि टोपी घालून सभेला गेलो.

सभा छान झाली. कुणीही सांगेल. जीप धुरळा उडवत आली, मुलींनी स्वागतगीत म्हटलं, नारळ दिला, झेंडूचा हार घातला. मग माझी निवडक पोरं लेझीम घेऊन आली. शेवटी त्यांनी तीन मजली मनोरा केला आणि वरच्या पोरानं छाती फुगवून सभापतींना नमस्कार केला. सभापती म्हणजे जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचे गृहस्थ. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शेजारी डॉक्टर, बारीक, चष्मेवाले, वहीत काहीतरी लिहीत होते.

मग माझं भाषण. ते मी तीन रात्री जागून लिहिलं होतं आणि त्याचा सांगाडा तपासणीच्या स्वागतपत्राचा होता. आधी गावाची स्तुती, मग पाहुण्यांची, शेवटी मागणी. "सातपुड्याच्या कुशीतील निर्मळ वायू आणि शुद्ध जल यांनी परिपुष्ट झालेले आमचे हे गाव..." शुद्ध जल! त्याच पाण्यानं झालेला नारू ओढत निम्मं गाव तेव्हा मळ्यात बसलं होतं. पण वाक्य इतकं घोटीव झालं होतं, की मोडवेना. स्तुती संपता संपेना. मागणीच्या ओळीपर्यंत पोचलो तोवर सभापतींनी घड्याळ पाहिलं होतं.

डॉक्टरांनी मान वर केली. "ते ठीक आहे गुरुजी. आत्ता गावात आजारी किती आहेत?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी लोकांनाच विचारलं, "इथं कुणाला काही दुखणं आहे का? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. दुखणेकरी तिथं होतेच कुठे? पण दुखणेकऱ्यांच्या आया, बाप, बायका तर समोर बसलेल्या होत्या. त्यांनी काय केलं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभेनं. मी त्यांना पढवून ठेवलं होतं ना, की मधे कुणी बोलायचं नाही, मास्तर बोलेल. मागून एक बाई उठायला लागली, तिचं लेकरू तापानं मळ्यात होतं. आणि माझ्या डोळ्यांनी, माझ्या हुकमाशिवाय, केवळ सवयीनं तिला खूण केली, बस खाली. ती बसली.

सभापती खूश होऊन उभे राहिले. "वा! असं गाव मी अख्ख्या दौऱ्यात पाह्यलं नाई. सकाळी नदीपलीकडे होतो. तिथं स्टेजसमोर चार खाटा आणून ठेवल्या होत्या. कण्हणं ऐकून जेवण गेलं नाई. तिथल्या मास्तरानं भाषण बी केलं नाई, नुसतं खाटांकडे बोट दाखवलं. आता तुमीच सांगा मंडळी, बाई कोनाले द्यायची? ज्याचं दुखते त्याले. तुमाले काय गरज?"

टाळ्या पडल्या. आमच्याच लोकांच्या. पाहुणा बोलायचा थांबला की टाळ्या वाजवायच्या, हेही मीच शिकवलं होतं.

"साहेब," मी ओरडलो, "आजारी आहेत, साहेब! मळ्यात आहेत!"

"मळ्यात कामाला जाता येते म्हंजे बरेच हाय म्हना की." सभापती मोठ्यानं हसले.

इथं तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण सभेचं प्रोसिडिंग लिहायचं राहिलं होतं, आणि गावात चांगलं अक्षर एकाचंच. डॉक्टर सांगत गेले, मी लिहीत गेलो. वेलांट्या मात्र सुरेख आल्या. 'सभेस हजर ग्रामस्थांपैकी एकही आजारी आढळला नाही. सबब केंद्र नदीपलीकडील गावी मंजूर.' सरपंचांनी सही केली. एक प्रत डॉक्टरांनी घडी करून खिशात ठेवली. जीप निघाली, आणि ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की मी आत्ता काय लिहून दिलं.

मी धावलो. जीपच्या मागे नव्हे, मळ्याकडे. धोतर खोचून, एक वहाण वाटेत टाकून. आंब्याखाली मंडळी भाकरी खाऊन लवंडली होती. "गाड्या जुंपा! नदीवर चला! साहेब चालले!" बैलांना काय समजलं कुणास ठाऊक, पण ते पळाले. आडवाटेनं, बांधावरून, तुरीच्या खुंटांमधून. लेकरं रडत होती, आबा दोन्ही हातांनी पाय धरून शिव्या देत होता. सरकारला नाही, मला.

आणि नशीब असं, की जीप सापडली. नदीच्या उतारात वाळूत रुतून बसली होती. चाक फिरत होतं, वाळू उडत होती, सभापती बाजूला उभे राहून टोपीनं वारा घेत होते. आमच्या गाड्या थांबल्या. मला वाटलं, आता दाखवतो. आता एकेकाला पुढे करतो.

पण पाहुण्याची गाडी रुतलेली पाहून आमच्याकडचा माणूस बसून राहतो काय? मी काही बोलायच्या आधीच हिवतापवाले उतरले, डोळे आलेले उतरले, ज्यांचा नारू निघून आठवडाच झाला होता तेही लंगडत उतरले आणि सगळ्यांनी जीपला खांदे लावले. आणि मी? मी तपासणीतला मास्तर! मी मागे उभा राहून ओरडलो, "लावा जोर! अजून! शाब्बास!"

जीप एका हिसक्यात बाहेर आली.

"हे तुमचे आजारी?" सभापतींना हसू आवरेना. "मास्तर, आमचे बरे असलेले मानसं बी एवढा जोर लावत नाई!"

मी हात जोडले. आजवर कधी जोडले नव्हते तसे. "साहेब, माझ्या बायकोला सहावा महिना आहे. दोन गेली. ही नदी आषाढात भरते. बाई पलीकडे असली तर आमच्या काय कामाची?"

त्यांचं हसू ओसरलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर तोवर गाडीजवळ गेले होते, ज्यातून आबाला उतरता आलं नव्हतं. त्यांनी त्याचा पाय पाहिला, चिंधी सोडली, परत बांधली. एका लेकराचं पोट दाबून पाहिलं. त्यांचा चेहरा आखडत गेला. मग खिशातून घडी काढून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"हे कुणाचं अक्षर?"

"माझं."

"सभेत जाहीर झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, सरपंचांची सही झाली. आता हे मी कशाच्या जोरावर फिरवू?" ते हळू आवाजात म्हणाले. "गुरुजी, दोन तास मी तुमच्या गावात होतो. दोन तास. आणि ही माणसं तुम्ही मला वाळवंटात दाखवता?"

त्यांच्या बॅगेत होत्या तेवढ्या गोळ्या त्यांनी वाटल्या. जीप पलीकडच्या काठावर चढून गेली.

घरी आलो. बायकोला सगळं आधीच कळलं होतं. तिनं ताट वाढलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. ती ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

पुढचे दोन महिने मी अर्ज लिहिले. बुलढाण्याला तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेला कचेरीतल्या कारकुनानं फाइल उघडून माझ्यापुढे सरकवली. वर माझे अर्ज, खाली माझं प्रोसिडिंग. "सेम अक्षर हाय राजा," तो म्हणाला. "आमी कोनत्या तुमच्यावर विश्वास ठेवाचा?"

वैशाख सरत आला. बायकोचा चेहराही सुजायला लागला. बुढी रोज येऊन बसायची आणि माझ्याशी बोलायची नाही. शेवटी एका सकाळी मी वाळू तुडवत नदीपलीकडे गेलो आणि त्या गावच्या मास्तराच्या दारात उभा राहिलो. नर्सबाई त्याच्याच शाळेच्या खोलीत राहत होती. दारावर पाटी, खिडकीला पडदा. पडदा पाहून मला रडू आलं, हे इथं लिहून टाकतो.

तो मास्तर माझ्याच वयाचा, काळासावळा, पान खाणारा. "या या," तो म्हणाला. "भाषन लय चांगलं झालं म्हने तुमचं."

"तुमच्या खाटांवरचे चारही खरे आजारी होते?"

"दोन खरे. दोघाईले मी सांगतलं, कन्हा." त्यानं पिंक टाकली. "खऱ्याले कन्हता येत नाई, मास्तर. तो गप पडून राह्यते."

मग मी कशाला आलो ते सांगितलं. सांगताना खाली पाहत होतो. त्यानं मला पुरतं बोलूही दिलं नाही. "वयनीले घेऊन या. आमच्या घरातली बाहीरची खोली त्याहिची. बाळंत होऊन हिंडत्या-फिरत्या होतवर." त्याची बायको आतून म्हणाली, "आजच आना म्हना." मला त्या क्षणी त्याच्या चांगुलपणाचा राग आला. माझ्या गावात जे व्हायचं होतं ते याच्या ओसरीवर उपऱ्यासारखं मागून घ्यावं लागत होतं, आणि तो उपकार म्हणूनही करत नव्हता.

ज्येष्ठात बायकोला तिकडे नेलं. बुढीही गाडीत चढून बसली. "हिले माह्या डोयासमोर ठेवतो," म्हणाली. मीही तिथंच राहिलो असतो. पण शाळा उघडली, आणि आषाढात तपासणी लागली. एक दिवसासाठी म्हणून मी अलीकडे आलो.

त्या तपासणीला मी कुणालाही म्हशींमागे धाडलं नाही. सगळी ढ पोरं पुढच्या रांगेत बसवली. का, ते मला सांगता येत नाही. एवढंच, की ती नेहमीची खूण करायला माझे डोळे धजेनात. दिपोटी साहेबांनी प्रश्न विचारले, पोरं खिडकीबाहेर पाहत राहिली. शेरा मिळाला, 'प्रगती असमाधानकारक'. सातपुड्यावर काळं झालेलं पाहून साहेब दुपारीच घाईघाईनं नदी उतरून गेले. मी मात्र तो शेरा दप्तरात सुवाच्य अक्षरात उतरवून काढायला थांबलो. उतरवून, दप्तर काखेत मारून बाहेर आलो, तर नदीचा आवाज येत होता.

दोन दिवस मी काठावर बसून होतो. लाल पाणी, त्यात झाडं, ओंडके, कुणाचं तरी छप्पर वाहत होतं. पलीकडचं गाव समोर दिसत होतं, धूरसुद्धा दिसत होता. कोणता धूर कुठल्या घराचा, हे ताडत मी बसायचो. पहिल्या खेपेला मी ह्याच काठावर गाडीजवळ बसलो होतो. तेव्हा निदान ती जवळ होती. ह्या वेळी तेही नव्हतं. दिवस भरले होते, आणि माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. पलीकडे कुणी काठाकडे चालत येताना दिसलं की मी उठून उभा राहायचो, आणि तो माणूस परसाकडला निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांनी खाट आणून माझ्या बाजूला ठेवली. खाटेवर आबा. पुन्हा निघालेला नारू आतच तुटला होता, पाय गुडघ्यापासून टम्म झालेला, अंगात ताप. त्यालाही बाईकडे जायचं होतं. मी वर पाहू शकलो नाही.

तो म्हणाला, "मास्तर."

"काय आबा?"

"त्या दिशी डाक्टरनं पुसलं म्हने, कोनाले दुखते, हात वर करा."

"हो."

त्यानं चादरीतून हात काढला आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून वर धरला. तो कितीतरी वेळ त्यानं तसाच धरला. खाट आणणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. शेवटी त्याच्या मुलानं तो धरून खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी कंबरेएवढं झालं. पट्टीच्या पोहणाऱ्यांनी डोक्यावर खाट घेऊन आबाला उतरवून नेलं. त्याचा जीव वाचला. पाय मात्र पुन्हा कधी सरळ झाला नाही. पुढं कितीतरी वर्षं तो शाळेच्या भिंतीला टेकून बसायचा, आणि मी आत पाढे घेताना मला तो पाय खिडकीतून दिसायचा.

पण हे नंतरचं. खाट पाण्यात उतरायच्या जरा आधी पलीकडच्या काठावर एक वाकलेली आकृती येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर कंबरेला खोचलेला. बुढी! मी पाण्यात गुडघाभर शिरलो.

"काय झालं?"

ती काहीतरी बोलली. पाण्याच्या आवाजात विरून गेलं. मी जीव खाऊन ओरडलो, "कशी आहे ती?"

बुढीनं दोन्ही हात तोंडाशी धरले. "जित्ती हाय! दोघी बी जित्त्या हाय! पोरगी झाली! बाईनं दोन सुया टोचल्या, रातभर बसली! पोट्टी अशी रडून राह्यली का गाव जागं झालं!"

रडली. मी तिथंच बसकण मारली. धोतर, दप्तर, सगळं पाण्यात. मग परत उठलो.

"मी येतो!" मी ओरडलो. "आत्ता येतो!"

बुढीनं पलीकडून हात झाडला, माशी हाकलावी तसा.

"काई नोको येऊ! तू आला त तिले बी मळ्यात नेऊन बसवशीन!"